सेटवरच्या संताच्या पाया पडलेली म्हातारी

ताई, स. न. वि. वि.

मी मंगळवार पेठेत राहते. नोकरी सांभाळून नाटक करते. आमचा हौशी ग्रुप आहे आणि यंदा पहिल्यांदाच मी स्वतः लिहून दोन अंकी नाटक बसवलं. गोष्ट बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातल्या एका फिल्म कंपनीची. कंपनी संतपट काढतेय. दिग्दर्शक माळकरी. त्याला पडद्यावर चमत्कार दाखवायचाय, पण सेटवर कुणी ‘ट्रिक’ म्हटलेलं त्याला खपत नाही. संताचं काम करणारा नट मात्र देव-बिव न मानणारा. पहिल्या अंकाच्या शेवटी दुपारच्या सुट्टीत हा नट गंध, तुळशीमाळ, वीणा अशा वेशात सेटच्या मागं बिडी ओढत बसलाय. गर्दीच्या सीनसाठी आणलेली एक म्हातारी येते आणि त्याच्या पायावर डोकं ठेवते. तो बिडी पाठीमागं लपवतो, धूर खांद्यावरून वर येतो आणि तशातच तो तिला आशीर्वाद देतो. पडदा. दुसऱ्या अंकात शूटिंग संपतं, सगळे निघून जातात. नट आरशासमोर बसतो, ओलं फडकं हातात घेतो, पण कपाळावरचं गंध त्याला पुसवत नाही. मागं टाळ-मृदंग वाढत जातो आणि अंधार.

शाहू स्मारकला प्रयोग झाला. बिडीच्या सीनला हशा, टाळ्या, सगळं मिळालं. मध्यंतरात माझ्या सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) भजनी मंडळातल्या दोघींना घेऊन उठून गेल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “थट्टा करायला तुला दुसरं कोण गावलं न्हाई?” तेव्हापासून नाटकाचा विषय निघाला की त्या आत निघून जातात. उलट, चळवळीत आयुष्य घालवलेला आमचा एक मित्र म्हणाला, “पहिला अंक झकास. शेवटी मात्र लोटांगण घातलंस की!” एक निवृत्त गुरुजी माझा हात धरून रडले. एका ओळखीच्या गृहस्थांनी, कोल्हापुरात असलं नाटक शोभत नाही, असं तोंडावर ऐकवलं. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. संताचं काम करणारा आमचा नट म्हणतो, बिडी काढ. बॅकस्टेजची पोरं म्हणतात, शेवट बदल. पुढच्या महिन्यात इचलकरंजीला प्रयोग आहे. नवरा म्हणतो, नाटकाचं नाटकात ठेव, घराचं घरात. आणि गंमत म्हणजे ही बिडीची गोष्ट मूळची आत्यांचीच. त्यांच्या आईनं, जुन्या काळी इथल्या एका स्टुडिओत घडलेली म्हणून, त्यांना सांगितलेली. मग राग त्यांनाच का यावा?

बिडी काढू की शेवट बदलू? आणि आत्यांशी बोलू तरी कसं?

– एक नाटकवाली, कोल्हापूर

---

प्रिय नाटकवाली,

बिडी काढू नका आणि शेवटही बदलू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण महिना बघता बघता जातो आणि तालमीत नट अडून बसला की लेखकाच्या हातून नको ती कात्री चालते. पण नाटकात एक गोष्ट दुरुस्त करायला हवी आहे असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतंय. ती तुम्ही विचारलेली नाही.

तुमच्या पत्रात दिग्दर्शक कसा आहे ते कळतं. नट काय मानतो, काय मानत नाही, ते कळतं. त्याच्या कपाळावर काय आहे, हातात काय आहे, धूर कुठून येतो, सगळं कळतं. म्हातारीबद्दल काय कळतं? गर्दीच्या सीनसाठी आणलेली, येते, डोकं ठेवते. एवढंच. ती कुठल्या गावची, दिवसाला काय मिळायचं तिला, तो नट आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं? उठून गेल्यावर ती काय बोलली? पडदा तिच्यावर पडतो, पण तो पडतो तेव्हा प्रेक्षक बघत असतात धूर. हशा कशाला आला ते आठवा. नटाच्या फजितीला थोडा आणि म्हातारीच्या भाबडेपणाला पुष्कळ. आत्या कशामुळं उठल्या याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. “देवाची थट्टा केलीस” असं त्या म्हणाल्याच नाहीत. थट्टा करायला दुसरं कोण मिळालं नाही का, असं म्हणाल्या. ते ‘कोण’ म्हणजे संत, असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, ते म्हातारीबद्दल आहे.

आता थोडं लांबण लावते. विषयच तसा निघालाय आणि कोल्हापूरकरांना सिनेमाबद्दल थोडक्यात बोलता येत नाही.

‘संत तुकाराम’ आठवा. १९३६ चा, प्रभातचा. कंपनी तोवर पुण्याला गेली होती, पण तिचा जन्म इथला, १९२९ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. दोघंही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, म्हणजे इथंच, तयार झालेले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, आणि त्यांनी काढलेला तुकोबा आजतागायत वारकऱ्यांच्या घरात पाहिला जातो. त्या चित्रपटात आवली आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि हातातलं पायताण विठोबावर उगारते. पायताण, बरं का. तुमच्या नाटकात नटाच्या हातात बिडी आहे, तिथं साक्षात विठोबाच्या मूर्तीसमोर चप्पल आहे. १९३६ सालचा प्रेक्षक आजच्यापेक्षा कमी भाविक नव्हता. माणसं गाड्या जुंपून तो सिनेमा बघायला येत होती. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. त्या पायताणावरून कुणी खुर्च्या मोडल्याचं ऐकलंय का तुम्ही?

का नाही मोडल्या? कारण आवलीचा राग खरा होता आणि तो राग दाखवताना कॅमेरा तिच्या बाजूनं उभा होता. तिच्या तोंडात शिव्या आहेत, तिच्यामुळं आपण हसतोही, पण घरात दाणा नाही आणि नवरा देवाच्या नादी लागलाय, ही तिची तक्रार कुणालाही नाकारता येत नाही. आपल्याकडं देवाशी भांडण्याची परंपराच आहे. जनाबाईनं विठोबाला ‘विठ्या’ म्हणून ज्या शिव्या घातल्यात त्या आजच्या एखाद्या नाटकात घातल्या तर तुमच्या ग्रुपला पोलीस बंदोबस्त मागावा लागेल. पण जनी घरची होती. बोलायचा हक्क तिनं दळणकांडण करून मिळवला होता. भाविक माणूस देवाच्या अपमानानं जितका दुखावतो त्यापेक्षा कितीतरी जास्त, आपल्याला खुळ्यात काढलं या भावनेनं दुखावतो. फक्त तक्रार करताना तो ‘देवाचा अपमान’ असंच म्हणतो, कारण “मला हसलात” असं म्हणायची लाज वाटते.

तुमची म्हातारी खुळी आहे का, हा माझा प्रश्न आहे. मला नाही वाटत. कीर्तनाला बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. बुवा उठले की लोक पाया पडतात. ते कीर्तनकार घरी कसे वागतात, पाकिटाची बोलणी कशी करतात, हे गावाला पाठ असतं. तरीही पडतात. नारदाची गादी म्हणतात तिला, नमस्कार त्या गादीला असतो. वारीत वयानं थोराड माणूसही समोरच्या पोराला माऊली म्हणून वाकतो. तळकोकणात दशावतारात देवाचं सोंग घेतलेल्या माणसाला हात जोडले जातात आणि तोच माणूस सकाळी शेतावर दिसतो हे हात जोडणाऱ्याला माहीत असतं. सेटवर गर्दीत उभं राहायला आलेल्या, ‘कंपनीत’ चार पैसे कमवायला आलेल्या बाईला हा नट आहे हे कळत नसेल? सकाळी तिनंच त्याला रंग लावताना बघितलं असेल. बिडीचा वास तिला येत नसेल? तुम्ही तिचं नाक काढून घेतलंत, म्हणून तर हशा आला.

तिला सगळं माहीत आहे आणि तरी ती वाकते, असं एकदा धरून चाला आणि तालमीत तो सीन करून बघा. बिडी तीच, धूर तोच, आशीर्वादाचा हातही तोच. पण आता नट कुणाला फसवतोय? त्याला वाटतंय आपण फसवलं. म्हातारीला कळतंय की तो घाबरलाय. मग प्रेक्षक हसले तरी हसू नटावर जाईल आणि मध्येच कुठंतरी अडकेल. त्यासाठी एखादं वाक्य लागेल किंवा नुसती एक नजर लागेल. वाक्य मी लिहून देणार नाही, तो धंदा तुमचा. एवढंच सुचवते की तिला पाठमोरी वाकवू नका. तिचा चेहरा प्रेक्षकांना दिसू दे आणि धूर दिसायच्या आत दिसू दे. आणि ते काम एखाद्या तरुण मुलीला म्हातारपणाचं मेकअप करून देत असाल तर तेही थांबवा. खोकत, वाकडं चालत एन्ट्री घेतली की अर्धं थिएटर आधीच हसायला तयार होतं. तुमच्या भजनी मंडळांत अस्सल आवाजाच्या साठीपुढच्या बायका काय कमी आहेत?

कात्रीबद्दल एक आठवण करून देते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ ज्यांच्या कर्तृत्वामुळं उभा आहे, त्या बाबूराव पेंटरांचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२० चा. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की सेन्सॉरनं तो काढायला लावला. म्हणजे कोल्हापूरचा सिनेमा पहिल्या पावलालाच कात्रीखालून गेलाय. पुढं १९३५ मध्ये प्रभातच्या एकनाथांवरच्या चित्रपटाला ‘महात्मा’ हे नाव ठेवू दिलं नाही, ‘धर्मात्मा’ करावं लागलं. बालगंधर्वांचं काम, संताची गोष्ट, तरीही. पण या दोन्ही ठिकाणी कापा म्हणणारं सरकार होतं. तुम्हाला कुणी हुकूम दिलेला नाही. तुम्ही स्वतःच्या हातानं, कुणीतरी उठून गेलं म्हणून, कात्री उचलताय. त्यामुळं घाई नको.

आता तुमचे चळवळीतले मित्र. त्यांचा राग मला कळतो. ज्या शहरात २०१५ मध्ये गोविंद पानसरेंना सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, तिथं श्रद्धेच्या प्रश्नावर ‘थोडं इकडचं, थोडं तिकडचं’ असं कुणी मांडलं की या माणसांच्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा असा इतिहास आहे. पण त्यांना नाटकाकडून निकाल हवाय. नट देव मानत नव्हता, शेवटीही मानत नाही, असं स्पष्ट सांगून पडदा पडला असता तर ते खूश झाले असते. आणि उद्या विसरले असते. गंध न पुसणं म्हणजे शरण जाणं, हे त्यांनी ठरवलं. मी तुमचा शेवट नुसता वाचला तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, त्या माणसाला कुणीतरी न मागता मान दिला आणि तो फेडायचा कसा हे त्याला कळत नाहीये. त्यात देव असेल किंवा नसेल.

तरी त्यांच्या बोलण्यात एक खरं आहे आणि ते तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. मागं टाळ-मृदंग वाढत जातो. तो कशाला वाढवलाय? नटाच्या हातात फडकं आहे, तो पुसत नाही, प्रेक्षक विचार करतोय, आणि तेवढ्यात स्पीकरमधून त्याला उत्तर सांगितलं जातंय. लोटांगण नटानं घातलेलं नाही, साऊंड ऑपरेटरनं घातलंय. मृदंग बंद करा. फार तर सेट मोडणाऱ्या सुतारांच्या हातोड्यांचा आवाज ठेवा, स्टुडिओत ती मंडळी असतातच. किंवा काहीच नको. गुरुजी रडले ते मृदंगामुळं की त्या थांबलेल्या हातामुळं, हे इचलकरंजीत आपोआप कळेल.

मित्राला हे समजावत बसू नका. त्यांना पटणार नाही आणि पटायची गरजही नाही. हवं तर एक गंमत सांगा. ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं. पण ते इतकं बेमालूम उतरलं की भले भले ते तुकोबांचंच समजून गाथेत शोधत राहिले. आणि तुकोबांचं काम करणारे विष्णुपंत पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. चित्रपटानंतर लोकांनी त्यांच्यात तुकाराम पाहिला. स्टुडिओतल्या रंगाऱ्यानं, सुतारानं, गीतकारानं मिळून बनवलेली वस्तू लोकांच्या देवघरापर्यंत जाते, हा आपल्याकडचा घडलेला इतिहास आहे. याला फसवणूक म्हणायचं की आणखी काही, यावर तुमचं नाटक उभं आहे. मग माणसं दोन बाजूंनी बोलणारच. सगळ्यांनी एकमुखानं छान म्हटलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

‘कोल्हापुरात हे शोभत नाही’ म्हणणारे गृहस्थ सोडून द्या. कोल्हापुरात काय शोभतं याची यादी प्रत्येक पेठेची वेगळी आहे.

तुमच्या नटाला मात्र सोडून देऊ नका. बिडी काढ म्हणतोय तो बहुतेक पटत नाही म्हणून म्हणत नसावा. शिवी खायची वेळ आली तर रस्त्यात त्याचा चेहरा ओळखला जातो, तुमचा नाही. त्याच्या घरी, गल्लीत, तालमीच्या कट्ट्यावर कुणी काही बोललंय का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. सगळ्या ग्रुपसमोर विचाराल तर तो तत्त्वाचं भाषण करेल. त्याला कळू दे की सीन बदलतोय, हशाची दिशा बदलतेय, आणि म्हातारीनंतर सगळ्यात मोठं काम त्याचंच आहे. एवढ्यावरही तो नको म्हणाला तर त्याच्यावर जबरदस्ती नको, दुसरा नट बघा. पण ग्रुपमध्ये मतदान घेऊन सीन ठरवू नका. नाटक पंचायत समितीसारखं चालवलं की शेवटी सगळ्यांना चालेल असं आणि कुणालाच नको असलेलं काहीतरी उरतं.

आणि आत्या.

“मग राग त्यांनाच का यावा?” हे तुमचं वाक्य वाचून मी थांबले. गोष्ट त्यांच्या आईनं त्यांना सांगितली. त्यांनी ती तुम्हाला सांगितली. कुठं सांगितली असेल? भाकऱ्या थापताना, शेंगा सोलताना, लाईट गेलेल्या एखाद्या रात्री. सून नाटकवाली आहे, तिला आवडेल, म्हणून हौसेनं सांगितली असेल. ती गोष्ट त्यांनी पुढं पाहिली ती थेट शाहू स्मारकच्या स्टेजवर, शेजारी भजनी मंडळातल्या मैत्रिणी, आणि सगळं थिएटर हसतंय. नाटकाआधी तुम्ही त्यांना संहिता वाचून दाखवली होती का? पत्रात तसं काही नाही. त्यांच्या आईनं ही गोष्ट हसत सांगितली होती, की हळहळून, की अभिमानानं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती म्हातारी कोण होती? आत्यांच्या आईला ही गोष्ट कशी कळली? नुसती कानावर आली, की ती तिथं होती? कंपनीत गर्दीसाठी आसपासच्या बायका जायच्या, हे काही गुपित नाही. मी अंदाज बांधत नाही. ती कुणीच नसेल, ऐकीव गोष्टच असेल. पण तुम्ही हे विचारलेलं नाही, आणि दोन अंक लिहून झाले.

तेव्हा बोलायचं कसं, याचं उत्तर असं की नाटकाबद्दल बोलायचंच नाही. “तुमच्या भावना दुखावल्या असतील तर” हे वाक्य तर चुकूनही नको. ते पुढाऱ्यांनी इतकं वापरलंय की त्यात कुणाची भावना उरलेली नाही. नवऱ्याला मध्यस्थ घालू नका, तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खाईल आणि निरोप अर्धाच पोचवेल. आत्या हातात काम घेऊन बसलेल्या असताना तुम्हीही काम घेऊन शेजारी बसा आणि विचारा, “आत्या, ती स्टुडिओतली म्हातारी कोण होती ओ?” एवढंच. पहिल्या वेळी त्या उत्तर देणार नाहीत, बहुधा. “मला काय म्हाईत” म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, दुसरं काहीतरी विचारा. त्या काळी कंपनीत जेवण मिळायचं का, लुगडी कंपनीची असायची की घरची, आजी किती वेळा गेल्या होत्या. माणूस रागावलेला असला तरी स्वतःच्या आईबद्दल बोलायचं फार दिवस टाळू शकत नाही.

त्या सांगतील ते ऐकताना वही काढू नका. मोबाईलवर रेकॉर्ड तर मुळीच नको.

समजा त्या म्हणाल्या की ती आमची आईच होती, आणि तिला असं चारचौघांत हसलेलं मला चालणार नाही. मग? मग तुम्हाला खरोखर अवघड जाईल, आणि इथं माझं मत अनेकांना पटणार नाही. मी नाटक थांबवायला सांगणार नाही. म्हातारीचं वाकणं हा तुमच्या नाटकाचा कणा आहे, तो काढला तर नटाला गंध पुसायला काहीच अडचण नाही. पण त्या बाईला कसं दाखवायचं, यात आत्यांचा शब्द मी दिग्दर्शकाच्या वर ठेवेन. तिनं नऊवारी कशी नेसली असती, ती नटाला काय म्हणाली असती, वाकून उठताना गुडघ्याला हात लावून काय पुटपुटली असती, हे त्यांच्याकडून घ्या. तालमीला बोलवा त्यांना. आल्या तर पहिल्या रांगेत बसवून सगळ्यांशी ओळख करून देण्याचा सोहळा नको, मागं बसू दे. न आल्या तर आग्रह नको. आणि सीन बदलल्यावरही त्या नाटकाला न येण्याची शक्यता आहे, ती धरून चाला. काही माणसं क्षमा करतात पण तिकीट काढत नाहीत.

आणखी एक शक्यता राहते. माझा सगळा तर्क चुकीचा असेल आणि आत्यांना खरोखर संताच्या वेशातली बिडीच खटकली असेल. तसं असेल तर त्या ते स्वच्छ सांगतील आणि तुम्हीही स्वच्छ सांगा की बिडी राहणार आहे. एका घरात एक माळकरी आणि एक नाटकवाली अशा दोघी राहू शकतात. तुमच्या नाटकातला दिग्दर्शक आणि नट एका सेटवर राहतात तसंच.

बाकी किरकोळ. इचलकरंजीच्या आयोजकांना विषय आधी सांगा, कथानकासकट. त्यांना ऐन वेळी धक्का बसायला नको. प्रयोगाआधी निवेदनात ‘कुणाच्याही श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही’ असं म्हणू नका, त्यामुळं लोक धक्का शोधायला बसतात. प्रयोगानंतर लगेच चर्चाही ठेवू नका. माईक हातात आला की माणूस नुकतंच काय वाटलं ते विसरतो आणि आधीपासून काय मानत होता ते सांगतो. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तुम्ही घेतलं असेलच. म्हातारीला नवे संवाद दिलेत तर ते मंडळाला कळवून मंजूर करून घ्या. नाहीतर विरोध करणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं आणि वाद नाटकाचा न राहता कागदाचा होतो. कुणी धमकी दिली तर ग्रुपवर चर्चा करत बसण्याऐवजी सरळ पोलीस ठाण्यात लेखी द्या.

आणि बिडी खरी पेटवत असाल तर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आधी विचारा, विंगेत वाळूची बादली ठेवा आणि ती विझवायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या गावातले आहोत आपण. परवानगी नाही मिळाली तर न पेटलेली बिडीही चालेल. म्हातारीला वास येतोय हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं की धुराची गरज उरत नाही.